हृदयाच्या धमन्या पडद्यावर आणणारे डॉ. मेसन सोन्स

अँजिओग्राफी हा शब्द आज पणजी, बेळगाव, इंदूर किंवा बडोदे येथील मराठी घरांत कोणाला समजावून सांगावा लागत नाही. छातीत दुखू लागले, ईसीजीत काही वावगे दिसले, की डॉक्टर अँजिओग्राफी सुचवतात आणि घरची मंडळी त्याच क्षणी पुढील खर्चाचा हिशेब मांडू लागतात. ज्यांच्या हातून ही तपासणी जन्माला आली ते डॉ. फ्रँक मेसन सोन्स मात्र वैद्यकक्षेत्राबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाहीत. आणि ज्या दिवशी ती जन्माला आली त्या दिवशी सोन्स हृदयाच्या धमन्यांची तपासणी करीत नव्हते, झडपा बिघडलेल्या एका रुग्णाच्या महाधमनीचे चित्रण करीत होते, हे तर डॉक्टरांपैकीही अनेकांच्या स्मरणात नसते.

सोन्स यांचा जन्म २८ ऑक्टोबर १९१८ रोजी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील नॉक्सापेटर या लहानशा गावी झाला. मेरीलँड विद्यापीठातून १९४३ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. डेट्रॉइट येथील हेन्री फोर्ड रुग्णालयात पुढील प्रशिक्षण झाले आणि १९५० मध्ये ते ओहायो राज्यातील क्लीव्हलँड क्लिनिक या संस्थेत दाखल झाले. उरलेले सारे व्यावसायिक आयुष्य त्यांनी तेथेच काढले. लहान मुलांचे हृद्रोग आणि हृदयतपासणीची प्रयोगशाळा अशी दोन्ही कामे त्यांच्याकडे सोपविण्यात आली होती.

हृदयात नळी सरकवून आतला दाब मोजणे ही कल्पना तेव्हा अगदी नवी नव्हती. वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराने १९२९ मध्ये स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेली होती. त्या वेळी त्याची हेटाळणी झाली आणि १९५६ मध्ये त्याच कामासाठी कुर्नां व रिचर्ड्स यांच्यासमवेत त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. सोन्स यांच्या कामाचा आरंभ याच परंपरेत झाला. जन्मतःच हृदयाच्या पडद्याला छिद्र असलेली, रक्तवाहिन्या उलटसुलट जोडल्या गेलेली मुले त्यांच्याकडे येत. आत नेमके काय बिघडले आहे हे सांगितल्याखेरीज शल्यचिकित्सकाला काही करता येत नसे. कृत्रिम मूत्रपिंडाचे जनक विलेम कोल्फ त्याच संस्थेत हृदय-फुप्फुस यंत्रावर काम करीत होते, डोनाल्ड एफ्लर यांच्यासारखे शल्यचिकित्सक हाताशी होते. त्यामुळे सोन्स यांनी काढलेल्या चित्रांवर प्रत्यक्ष शस्त्रक्रिया अवलंबून असे. चित्र धूसर आले तर त्याची किंमत एखाद्या बालकाला मोजावी लागे. चित्राच्या स्पष्टतेविषयी त्यांचा जो हट्ट पुढे सर्वश्रुत झाला, त्याचे मूळ बहुधा येथेच असावे.

त्यांची प्रयोगशाळा इमारतीच्या तळघरात होती. क्ष-किरणांचे अंधुक चित्र अनेक पटींनी उजळ करणारे यंत्र त्या काळी नुकतेच उपलब्ध झाले होते. ते तपासणीच्या टेबलाखाली बसविण्यासाठी जमिनीत खड्डा खणण्यात आला होता आणि सोन्स त्या खड्ड्यात उतरून, रुग्णाच्या खाली बसून, वर चाललेली नळीची हालचाल पाहत. चित्रपटासाठी वापरतात तसा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा त्या यंत्राला जोडलेला असे. धडधडणाऱ्या हृदयाची स्थिर छायाचित्रे पुरेशी नाहीत, त्याचा चलत्‌पटच हवा, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

त्या काळच्या हृद्रोगतज्ज्ञांपुढील एक मोठा पेच समजून घेतल्याशिवाय पुढील घटनेचे महत्त्व ध्यानात येणार नाही. हृदयाच्या डाव्या जवनिकेतून, म्हणजे डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यातून, शरीराकडे जाणारे सर्व रक्त महाधमनीच्या झडपेतून बाहेर पडते. या झडपेचे तोंड निरोगी माणसात साधारण ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असते. संधिवाती तापामुळे पाकळ्या एकमेकींना चिकटल्या, किंवा उतारवयात त्यांवर कॅल्शियम साचून त्या दगडासारख्या झाल्या, की हे तोंड आकसत जाते. ते १ चौरस सेंटिमीटरच्या खाली गेले की विकार गंभीर समजला जातो. यालाच डॉक्टर एओर्टिक स्टेनोसिस म्हणतात. हृदय अनेक वर्षे जोर लावून त्या अरुंद वाटेतून रक्त ढकलत राहते, त्याची भिंत जाड होते, आणि माणसाला बराच काळ काही जाणवतही नाही. मग एक दिवस जिना चढताना छाती भरून येते, भोवळ येते किंवा दम लागतो. अमेरिकेतील रॉस व ब्राउनवाल्ड यांनी १९६८ मध्ये मांडलेला हिशेब वैद्यकाचे विद्यार्थी अजूनही शिकतात. उपचार झाले नाहीत तर छातीतील वेदना सुरू झाल्यापासून सरासरी ५ वर्षे, भोवळ येऊ लागल्यापासून ३ आणि हृदय थकून दम लागू लागल्यापासून अवघी २ वर्षे.

पेच होता तो छातीतील वेदनेचा. खुद्द हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्या महाधमनीच्या अगदी मुळातून, झडपेच्या पाकळ्यांच्या जरा वरून निघतात. त्यांत अडथळे निर्माण झाले की श्रम करताना छातीत दुखते. पण झडप अरुंद झाल्यानेही तसेच दुखते, कारण जाड झालेल्या स्नायूची रक्ताची गरज वाढलेली असते आणि धमन्या स्वच्छ असूनही ती भागत नाही. दोन्ही विकार वाढत्या वयाचे सोबती असल्यामुळे ते एकाच माणसात एकत्र नांदतात, हेही वारंवार दिसे. समोर बसलेल्या रुग्णाचे दुखणे झडपेचे, धमन्यांचे की दोहोंचे, हे जिवंतपणी ओळखण्याचे खात्रीचे साधन १९५८ मध्ये कोणाकडेही नव्हते. शवविच्छेदनाच्या टेबलावर मात्र ते तत्काळ कळे.

धमन्यांत थेट रंगद्रव्य सोडून त्यांचे चित्र घ्यावे, असे कोणालाच सुचले नव्हते असे नाही. परंतु एकाच हृदयधमनीत रक्ताऐवजी प्राणवायूविरहित द्रव गेल्यास हृदयाच्या विद्युत्‌प्रवाहाचा तोल जाईल आणि ते अनियंत्रित थरथरत बंद पडेल, अशी दृढ समजूत होती. प्राण्यांवरील प्रयोग त्या समजुतीला दुजोरा देत. म्हणून काही संशोधक महाधमनीच्या मुळाशी भरपूर रंगद्रव्य सोडून त्यातील थोडे धमन्यांत शिरेल अशी आशा धरीत. काहींनी तर त्यासाठी औषधाने हृदय क्षणभर थांबवून पाहिले. मिळणारी चित्रे अंधुकच असत.

३० ऑक्टोबर १९५८. सोन्स यांना चाळीस वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. टेबलावर संधिवाती तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेला २६ वर्षांचा तरुण होता. नळी हाताच्या धमनीतून महाधमनीपर्यंत पोहोचली होती आणि तिच्यातून दाबाने रंगद्रव्य सोडून झडप व महाधमनी यांचे चित्रण करायचे होते. सोन्स खाली खड्ड्यात होते, वर त्यांचा तरुण सहकारी होता. रंगद्रव्य सोडण्याची खूण झाली आणि पडद्यावर महाधमनीऐवजी उजवी हृदयधमनी मुळापासून फांद्यांपर्यंत काळीभोर उमटली. नळीचे टोक झडपेजवळून सरकून त्या धमनीच्या मुखात शिरले होते. सुमारे ३० मिलिलिटर रंगद्रव्य, म्हणजे संपूर्ण महाधमनीसाठी योजलेली मात्रा, त्या एका बारीक वाहिनीत गेली होती.

सोन्स नळी मागे ओढण्यासाठी ओरडले आणि खड्ड्यातून वर धावले. छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याची आज सर्वांना माहीत असलेली पद्धत तेव्हा प्रचारात आली नव्हती, ती १९६० मध्ये जगापुढे आली. हृदय बंद पडले तर छाती उघडून ते हाताने दाबणे एवढाच उपाय होता, आणि त्यासाठी ते सुरी शोधीत होते. ईसीजीची रेघ सपाट झाली होती. पण ती थरथर नव्हती, हृदय नुसते थांबले होते. रुग्ण अजून शुद्धीवर होता. सोन्स यांनी त्याला खोकायला सांगितले. जोराच्या खोकल्याने छातीतील दाब वाढतो, महाधमनीतील रक्त पुढे रेटले जाते आणि धमनीत साचलेले रंगद्रव्य धुऊन निघते. तीन-चार वेळा खोकल्यानंतर ठोके परत आले. तरुण बचावला, पुढे त्याला काही अपायही झाला नाही.

ही कथा सुदैवी अपघात म्हणून सांगितली जाते आणि सोन्स स्वतःही तिला अपघातच म्हणत. पण नळी अशी घसरण्याची शक्यता त्या काळी महाधमनीत नळी नेणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत होती. असा प्रसंग ओढवला की सुटकेचा निःश्वास टाकून पुढील वेळी अधिक काळजी घ्यायची, ही स्वाभाविक प्रतिक्रिया. सोन्स यांच्या मनात भीती ओसरल्यावर वेगळाच हिशेब सुरू झाला. एवढी मोठी मात्रा एका धमनीत जाऊनही हृदय थरथरले नाही, तर तिचा दहावा हिस्सा बहुधा सहज सोसेल. आणि तेवढ्यानेच धमनीचे संपूर्ण चित्र मिळेल. सर्वमान्य समजुतीच्या विरुद्ध जाणारा पुरावा त्यांना न मागता मिळाला होता. तो त्यांनी नाकारला नाही, एवढेच, पण तेवढे पुरेसे होते.

पुढील काही महिन्यांत त्यांनी हा प्रकार हेतुपुरस्सर करावयास आरंभ केला. टोकाकडे निमुळती व मऊ होत जाणारी खास नळी बनवून घेतली. कोपराजवळ छोटा छेद घेऊन दंडाच्या धमनीतून ती वर न्यायची, महाधमनीच्या झडपेवर हलकेच टेकवून वाकवायची आणि एकदा डाव्या, एकदा उजव्या धमनीच्या मुखाशी लावायची. प्रत्येक वेळी रंगद्रव्य फक्त काही मिलिलिटर. १९६२ मध्ये अर्ल शिरे या सहकाऱ्यासह त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. तोवर तपासलेल्या रुग्णांची संख्या हजाराच्या घरात पोहोचली होती. लेख अगदी आटोपशीर होता. लिहिण्याचा त्यांना मुळातच कंटाळा असे, त्यामुळे त्यांच्या कार्याच्या मानाने त्यांचे छापील लेखन फार थोडे आहे. जगभरातून डॉक्टर त्यांच्या तळघरात येत आणि पाहून शिकून जात, हाच त्यांचा खरा प्रसार.

स्वभावाने ते सोपे नव्हते. तोंडाने फटकळ, संतापी, काळवेळेचे भान नसलेले. रात्री उशिरापर्यंत काम चाले आणि सहकाऱ्यांनीही तसेच राबावे अशी अपेक्षा असे. निर्जंतुक हातमोजे खराब होऊ नयेत म्हणून चिमट्यात सिगारेट धरून ती ओढत ते टेबलाशी उभे राहत, ही आठवण त्यांच्यासोबत काम केलेल्या अनेकांनी सांगितली आहे. आजच्या वाचकाला ती विचित्र वाटेल. दिवसाकाठी कितीतरी माणसांच्या बुजलेल्या धमन्या पाहणाऱ्या या गृहस्थाने धूम्रपान सोडले नाही, याचे नवल त्या काळातही वाटायला हवे होते.

चित्रे मिळू लागली, तसतशा अनेक जुन्या समजुती गळून पडू लागल्या. वर्षानुवर्षे हृद्रोगी म्हणून घरी बसवलेल्या कित्येकांच्या धमन्या स्वच्छ निघाल्या. धडधाकट समजल्या जाणाऱ्यांत जीवघेणे अडथळे सापडले. माँट्रिअलचे शल्यचिकित्सक आर्थर वाइनबर्ग छातीच्या भिंतीतील धमनी हृदयाच्या स्नायूत रोवण्याची शस्त्रक्रिया करीत आणि समव्यावसायिक त्यांची चेष्टा करीत. सोन्स यांनी १९६२ मध्ये त्यांच्या एका रुग्णाचे चित्रण केले, तेव्हा ती रोवलेली धमनी हृदयाच्या वाहिन्यांशी खरोखरच जोडली गेलेली दिसली. वाइनबर्ग यांच्या अनेक वर्षांच्या दाव्याला सोन्स यांच्या काही सेकंदांच्या फिल्मने आधार मिळाला.

त्याच वर्षी अर्जेंटिनातून रेने फावालोरो नावाचे शल्यचिकित्सक क्लीव्हलँडला आले. मायदेशी त्यांनी बारा वर्षे एका खेड्यात वैद्यकी केली होती. इंग्रजी बेताचे होते. दिवसा शस्त्रक्रियागृहात मदतनीस म्हणून काम आणि संध्याकाळी सोन्स यांच्या खोलीत फिल्म पाहणे, असा त्यांचा क्रम ठरून गेला. शेकडो फिल्म पाहिल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की पुष्कळदा अडथळा धमनीच्या आरंभी असतो आणि पुढचा भाग चांगला असतो. मग तेवढा अडथळा वळसा घालून ओलांडता येईल. मे १९६७ मध्ये पायाची शीर वापरून त्यांनी तसा उपचार प्रथम केला आणि ती शस्त्रक्रिया बायपास या नावाने जगभर रुजली. याहून आधी बायपाससारखे प्रयत्न इतरत्र झाले होते. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी धमन्या पाहायच्या आणि नंतर जोडणी चालू आहे की नाही हेही पाहायचे, अशी सोय ज्या रुग्णालयात होती तेथेच ही पद्धत उभी राहिली. या दोघांतील भांडणे आणि मैत्री दोन्ही तेथे प्रसिद्ध होती.

झडपेच्या बाजूनेही दार उघडत होते. बोस्टन येथे ड्वाइट हार्केन यांनी मार्च १९६० मध्ये महाधमनीच्या झडपेच्या मूळ जागीच कृत्रिम झडप बसविली. मात्र नवी झडप बसविताना हृदय थांबवावे लागते, आणि ज्याच्या धमन्याही बुजलेल्या आहेत असे हृदय पुन्हा नीट चालू होईलच असे नाही. आधी धमन्यांची फिल्म पाहून ठेवणे त्यामुळे झडपेच्या शस्त्रक्रियेचा भाग बनले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फावालोरो व इतरांनी एकाच वेळी झडप बदलणे आणि बायपास करणे सुरू केले. झडप व धमन्या दोन्ही बिघडलेल्या रुग्णाला प्रथमच दोन्हींवर उपाय मिळू लागला. पुढील जवळजवळ चार दशके तोच राजमार्ग होता. ज्यांना छाती उघडणे झेपणार नाही अशा वृद्धांना मात्र औषधांवर भागवावे लागे.

तपासणीचे तंत्रही पुढे सरकत होते. मेल्विन जडकिन्स यांनी जांघेतून जाणाऱ्या, आधीच विशिष्ट आकार दिलेल्या नळ्या बनविल्या. त्या हाताळायला सोप्या असल्याने सोन्स यांची कोपराची पद्धत हळूहळू मागे पडली. १९७७ मध्ये झुरिच येथे अँड्रिअस ग्रुंट्झिग यांनी त्याच वाटेने बारीक फुगा नेऊन अडथळा रुंद केला आणि अँजिओप्लास्टीचा आरंभ झाला. त्या निष्कर्षांचे सादरीकरण ऐकताना सोन्स यांचे डोळे पाणावले, असे उपस्थितांनी लिहून ठेवले आहे. सोन्स व जडकिन्स यांनी पुढाकार घेऊन या क्षेत्रातील डॉक्टरांची संघटनाही उभी केली. १९८३ मध्ये सोन्स यांना अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेल पारितोषिक मिळाले नाही. फोर्समान यांच्या नळीला ते मिळाले आणि त्या नळीने प्रत्यक्ष हृद्रोगाचा चेहरामोहरा बदलणाऱ्याला मिळाले नाही, हा निवाडा न पटणारे अनेक जण आहेत.

फुप्फुसाच्या कर्करोगाने २८ ऑगस्ट १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. ते वर्ष या शास्त्राला फार जड गेले. जडकिन्स जानेवारीत गेले, अँजिओप्लास्टीची मूळ कल्पना देणारे चार्ल्स डॉटर फेब्रुवारीत, आणि ऑक्टोबरमध्ये ग्रुंट्झिग विमान अपघातात दगावले. सोन्स यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच, सप्टेंबरमध्ये, फ्रान्समधील रूआँ येथे आलँ क्रिबिये यांनी छाती न उघडता, नळीवाटे फुगा नेऊन, अरुंद झालेली महाधमनीची झडप रुंद केली. ती पुन्हा आकसत असे. म्हणून १६ एप्रिल २००२ रोजी त्यांनीच नळीवाटे संपूर्ण नवी झडप बसविली. ही पद्धत टावी नावाने आता भारतातही रूढ होत आहे.

एकाच रुग्णात झडप आणि धमन्या दोन्ही बिघडलेल्या असतील, तर काय करावे याची चर्चा त्यामुळे नव्याने सुरू झाली आहे. टावी करून घेणाऱ्या वृद्धांत धमन्यांचा विकारही असणारे फार मोठ्या संख्येने आढळतात. उत्तर युरोपातील ४५५ रुग्णांच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. टावीसोबत गंभीर अडथळ्यांवर अँजिओप्लास्टीही केलेल्या गटात सुमारे दोन वर्षांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा तातडीची अँजिओप्लास्टी यांचे प्रमाण २६ टक्के, तर केवळ औषधे दिलेल्या गटात ३६ टक्के होते. रक्तस्राव मात्र पहिल्या गटात अधिक झाला, २० ऐवजी २८ टक्के. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या १७२ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात नळीवाटे दोन्ही उपचार केलेल्यांना वर्षभरात एकत्रित शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा बरेच कमी त्रास झाले, ४ टक्के विरुद्ध २३ टक्के. संख्या लहान आहे आणि शल्यचिकित्सकांनी त्यावर आक्षेपही घेतले आहेत. वय कमी असेल, डावी मुख्य धमनी किंवा अनेक धमन्या गुंतागुंतीने बुजलेल्या असतील, तर झडप बदलणे आणि बायपास एकाच शस्त्रक्रियेत उरकणे आजही पुष्कळांना श्रेयस्कर वाटते. अशा रुग्णाची फिल्म हृद्रोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक दोघांनी एकत्र बसून पाहायची, असा दंडक आता बहुतेक मोठ्या रुग्णालयांत आहे.

त्यात एक अडचण अशी, की नळीवाटे बसविलेल्या झडपेला धातूच्या जाळीची चौकट असते आणि काही प्रकारांत ती हृदयधमन्यांच्या मुखापुढे उभी राहते. १९५८ मध्ये सोन्स यांची नळी आपोआप ज्या मुखात घसरली, तेथे ती जाळीच्या छिद्रांतून नेण्यासाठी आज निष्णात हातांनाही कधी कधी अर्धा तास झटावे लागते. पुढे धमन्यांवर काम करावे लागेल असे फिल्ममध्ये दिसत असेल, तर ते टावीच्या आधीच उरकून घ्यावे, किंवा आखूड चौकटीची झडप निवडावी, याकडे डॉक्टरांचा कल असतो.